सगळ्यांच्या सोयीचं आहे म्हणून नाही

ॲक्सेसिबिलिटीचा, म्हणजे वेबसाइट, ॲप, रस्ते अपंगांनाही वापरता येण्याचा, विषय निघाला की वाद कसा जाणार हे आता मला पाठ झालंय. एखादी अंध व्यक्ती लिहिते की ॲपच्या नव्या अपडेटनंतर पैसे भरायचं बटण स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळतच नाहीये, तो नुसता "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो, आणि त्याखाली कुणीतरी विचारतं की असे युजर आहेत तरी किती, चार-दोन लोकांसाठी कंपनीने अख्खं ॲप परत लिहायचं का? मग आमच्या बाजूची मंडळी, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या बाजूने बोलणारी, तावातावाने उत्तर देतात की चार-दोन कसले, जगात 1.3 अब्ज लोक अपंग आहेत, सहा माणसांमागे एक, केवढं मोठं मार्केट सोडताय तुम्ही! शिवाय साइट ॲक्सेसिबल केली की सर्चमध्ये वर येते, कॅप्शन तर हल्ली सगळेच लावतात, आणि तुम्ही पण एक दिवस म्हातारे होणारच ना? विचारणारा गप्प बसतो, आपल्याला वाद जिंकल्यासारखं वाटतं. मी या कामात इतकी वर्षं आहे, कित्येक मीटिंगमध्ये मीही हेच बोललेय.

आता मला वाटतं की हे उत्तर चुकीचं आहे. आकडा बरोबर आहे, जागतिक आरोग्य संघटनेचाच आहे. चूक कुठे होते तर हे उत्तर देताना आपण समोरच्याचा प्रश्नच मान्य करून टाकतो. "किती लोक?" हा प्रश्न रास्त आहे, फक्त तुझी बेरीज चुकली, असं आपण त्याला सांगत असतो. मग जिथे बेरीज खरोखरच लहान येईल तिथे काय बोलणार? बहिरं आणि अंध दोन्ही असलेलं माणूस, जे बोटांखाली उमटणाऱ्या ब्रेल डिस्प्लेवर वेबसाइट वाचतं, त्याच्यासाठी कुठलं मार्केट दाखवणार? मतदानाचा हक्क देताना आपण कुणाला विचारत नाही की तुझ्या मतामुळे बाकीच्यांचा काय फायदा. मग फॉर्म भरता येण्याचा, पगाराची स्लिप वाचता येण्याचा, परीक्षेला बसण्याचा हक्क तेवढा दुसऱ्यांच्या फायद्याच्या दारातून का आत यावा?

तरी या युक्तिवादाची ताकद मला माहीत आहे आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. फुटपाथच्या उताराचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच, व्हीलचेअरसाठी कडा कापून उतार केला आणि बाबागाडीवाले, सुटकेस ओढणारे, हातगाडीवाले सगळेच तो वापरायला लागले. हे खरंय. ज्यांची संख्या कमी त्यांना सोबती लागतात, आणि सोबती मिळवायचे तर त्यांचंही त्यात काहीतरी आहे हे दाखवणं हा राजकारणातला जुना आणि शहाणपणाचा मार्ग आहे. नुसतं नैतिकतेवर बोलून बजेट मंजूर होत नाही हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे हे उदाहरण कधीच वापरू नका असं मी म्हणत नाहीये, ते पाया म्हणून वापरू नका एवढंच म्हणतेय.

कारण तो उतार आला कुठून हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही. अमेरिकेत कलामाझू शहरात 1945 मध्ये जॅक फिशर नावाच्या, दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या वकिलाने पालिकेच्या मागे लागून कोपऱ्यांवर उतार करून घेतले, कशासाठी तर त्याच्यासारख्या जखमी सैनिकांना रस्ता ओलांडता येत नव्हता म्हणून. पुढे 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये व्हीलचेअर वापरणारे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी तेच मागितलं. 1973 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला अपंग व्यक्तीशी भेदभाव करता येणार नाही, पण त्याच्या नियमांवर सही करायला सरकार चार वर्षं टाळाटाळ करत राहिलं. शेवटी 5 एप्रिल 1977 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून जास्त अपंग माणसं आत शिरली ती तीन आठवड्यांहून जास्त काळ बाहेर आलीच नाहीत, रोजची औषधं, मदतनीस, बिछाना यातलं काही नीट नसताना. अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या जुडी ह्यूमन त्यात पुढे होत्या. 28 एप्रिलला सही झाली. त्या इमारतीत बसलेल्या कुणी असं म्हटलं नव्हतं की रॅम्प केलात तर सामान चढवणाऱ्यांचीही सोय होईल. बाबागाड्या नंतर आल्या.

आणि दर वेळी त्या येतीलच असंही नाही. फुटपाथवर, स्टेशनवर त्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा असतात ना, पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून, त्या जपानच्या सेइइची मियाके यांनी स्वतःचे पैसे घालून बनवल्या आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. त्याचा डोळसांना काय फायदा? काहीच नाही, उलट सुटकेसची चाकं त्यावर खडखडतात, व्हीलचेअरवाल्यालाही त्रास होतो. मग काढून टाकायच्या का? सगळ्यांच्या फायद्याच्या हिशोबात या फरशा नापास आहेत, पण ज्याला प्लॅटफॉर्मची कड दिसत नाही त्याला आपण रुळावर पडण्यापासून किती पावलांवर आहोत हे त्या सांगतात.

डिजिटल जगात असल्या फरशा तर जास्तच. बटणाला कोडमध्ये दिलेलं नाव डोळसाला कधी दिसणारच नाही. चित्राचं वर्णन, फॉर्मच्या खोक्याला जोडलेलं लेबल, एरर आली की ती मोठ्याने सांगितली जाणं, माउसशिवाय फक्त टॅब आणि एंटरने सगळीकडे पोचता येणं, यातलं बरंचसं काम करून झालं तरी स्क्रीन जशीच्या तशी दिसते. मॅनेजरला दाखवायला काही नसतं. आणि म्हणूनच ते राहतं. वेबएम ही संस्था दरवर्षी 10 लाख वेबसाइटची होमपेज मशीनने तपासते, 2025 मध्ये त्यातल्या 94.8 टक्के पानांवर चुका सापडल्या, सगळ्यात जास्त कोणत्या तर फिकट अक्षरं, चित्रांना वर्णन नसणं, फॉर्मच्या खोक्यांना लेबल नसणं. यात अवघड रॉकेट सायन्स कुठलं आहे? वेबसाइट ॲक्सेसिबल कशी करायची याचे नियम सांगणाऱ्या डब्ल्यूसीएजीची पहिली आवृत्ती 1999 ची आहे आणि तिचा पहिलाच मुद्दा हा होता की चित्राला पर्यायी मजकूर द्या. पाव शतक झालं त्याला.

सगळ्यांच्या फायद्याचा युक्तिवाद फक्त अपुरा असता तरी मी हे लिहायला बसले नसते. तो उलटतोसुद्धा, आणि ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घरून काम करू द्या अशी मागणी अपंग कर्मचारी कित्येक वर्षं करत होते, आणि त्यांना उत्तर मिळायचं की शक्य नाही, टीमवर परिणाम होतो, सुरक्षेचा प्रश्न आहे, एकाला दिलं की सगळे मागतील. 2020 मध्ये सगळ्यांनाच गरज पडली आणि जे वर्षानुवर्षं अशक्य होतं ते काही आठवड्यांत झालं. मग सगळ्यांची गरज संपली तशा कंपन्यांनी लोकांना परत बोलवायला सुरुवात केली, आणि ज्याला रोजचा प्रवास म्हणजे दिवसभराची सगळी ताकद खर्च करणं आहे तो पुन्हा अर्ज-विनंत्यांच्या रांगेत. बहुसंख्यांना नको झालं की तुमचंही गेलं, हा त्या सोयीचा अर्थ होता. ती तुमच्या हक्काची कधी नव्हतीच, मधल्या काळात तुमची आणि त्यांची गरज एक होती एवढंच.

कॅप्शनचंही तसंच, जरी हे आमच्या बाजूचं सगळ्यात लाडकं उदाहरण असलं तरी. अमेरिकेत 1990 मध्ये कायदा झाला की 13 इंच किंवा मोठ्या प्रत्येक टीव्हीत कॅप्शन दाखवायची सोय आतच असली पाहिजे, तो बहिऱ्या लोकांच्या मागणीवरून. आज बसमध्ये आवाज बंद करून व्हिडिओ बघणारा कॅप्शन लावतो, छान आहे. पण त्याला साधारण कळलं तरी पुरतं, अडलं तर तो इअरफोन लावेल. ज्याला ऐकूच येत नाही त्याला ती ओळ म्हणजेच अख्खा व्हिडिओ. मशीनने लिहिलेल्या कॅप्शनमध्ये डॉक्टरच्या बोलण्यातला "नाही" गळला, औषधाचं नाव बदललं, कोण बोलतंय हेच कळलं नाही, तर त्याच्याकडे दुसरा मार्ग नाही. युजर म्हणून बहुसंख्य आले की दर्जाही त्यांच्या गरजेपुरता ठरतो. "आमच्याकडे कॅप्शन आहेत" असं सांगून लोक मोकळे होतात, आणि तक्रार करणारा बहिरा माणूस उगाच किरकिर करणारा ठरतो कारण बाकीच्यांचं तर चाललंय.

"किती लोक?" या प्रश्नात अजून एक खोट आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात व्हीलचेअरवाल्यांनी बसला लिफ्ट बसवा म्हणून लढा दिला, 5 जुलै 1978 ला 19 जण भर चौकात बसच्या पुढेमागे जाऊन बसले आणि रात्रभर हलले नाहीत. लिफ्टच्या विरोधात तेव्हाही आणि नंतरही जो मुद्दा फिरून फिरून यायचा तो हाच की व्हीलचेअरवाले बसने प्रवास करतातच कुठे? करणार कसे, चढताच येत नसेल तर? आज मीटिंगमध्ये तेच घडतं, फक्त त्याला डेटा म्हणतात. "आमच्या ॲनालिटिक्समध्ये स्क्रीन रीडर वापरणारे दिसत नाहीत." एक तर वेबसाइटला स्क्रीन रीडर ओळखता येत नाही, आणि आला असता तरी जो पहिल्याच स्क्रीनवर चित्रातली अक्षरं ओळखा म्हणणाऱ्या कॅप्चाशी अडला तो पुढच्या आकड्यात येणार कसा? दार बंद ठेवायचं आणि आत कुणी आलं नाही म्हणून दाराची गरज नाही म्हणायचं. आपण या आकड्याला दुसऱ्या आकड्याने उत्तर देतो तेव्हा ही फसवणूक उघडी पाडायची संधी घालवतो.

आता माझ्या विरोधातला सगळ्यात कठीण मुद्दा, आणि तो पैशाचा नाही. लोक म्हणतात की हक्क आणि कायद्याची भाषा आणली की लोक भीतीने वागतात, आणि भीतीने चांगलं काम होत नाही, एक तर चेकलिस्टवर टिका मारल्या जातात नाहीतर आहे तेही बंद केलं जातं. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण खरं आहे आणि वाईट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने हजारो लेक्चरं फुकट ऑनलाइन ठेवली होती, कॅप्शन नव्हते म्हणून दोन बहिऱ्या व्यक्तींनी तक्रार केली, सरकारने 2016 मध्ये सांगितलं की हा भेदभाव आहे, आणि विद्यापीठाने 2017 मध्ये 20,000 हून जास्त व्हिडिओ आणि ऑडिओ लोकांसाठी बंद करून टाकले. जगभर लोक चिडले, आणि चिडले कुणावर तर तक्रार करणाऱ्यांवर. दोघांच्या हट्टापायी लाखोंचं नुकसान. मी तेव्हा यावर खूप विचार केला होता आणि मलाही उत्तर सापडत नव्हतं.

पण वाक्य नीट बघा, "सगळ्यांचं नुकसान झालं." त्या दोघांचं काय नुकसान झालं? त्यांच्यासाठी ती लेक्चरं आधीच नव्हती. वर्षानुवर्षं ती त्यांच्यासाठी बंद होती आणि तेव्हा कुणी चिडलं नाही, जगाला ते दिसलं कधी तर ऐकू येणाऱ्यांसाठीही बंद झाली तेव्हा. आणि बंद करायचा निर्णय विद्यापीठाने घेतला, तक्रारदारांनी बंद करा असं म्हटलंच नव्हतं, कॅप्शन द्या म्हटलं होतं. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच विद्यापीठाने सरकारशी करार करून ऑनलाइन कंटेंट ॲक्सेसिबल करायचं मान्य केलं. म्हणजे शक्य होतं. भीतीने वाईट काम होतं हे मी मान्य करते, पण त्यावर उपाय म्हणून हक्कच मागे घ्यायचा असेल तर कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेपासून बालमजुरीपर्यंत सगळेच कायदे मागे घ्यावे लागतील, कारण त्या प्रत्येकात टिका मारून मोकळे होणारे निघालेच.

खर्चाबद्दल थोडक्यात. 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकची वेबसाइट ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाला वापरता येत नव्हती, त्यांनी तक्रार केली. आयोजकांनी सांगितलं की दुरुस्तीला एका माणसाचे 368 दिवस आणि 22 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर लागतील. जाणकारांनी साक्ष दिली की छोटी टीम हे चार आठवड्यांत करेल. मॅग्वायर जिंकले. तेव्हापासून मी कुठलाही "फार खर्च येतो" हा आकडा ऐकला की पहिल्यांदा विचारते, काढला कुणी? खर्च येतोच, खोटं कशाला बोला, आणि सगळं बांधून झाल्यावर दुरुस्त करायला गेलं की जास्तच येतो, पण तो उशीर अपंगांनी केलेला नसतो. एकट्याने छोटी साइट चालवणाऱ्याला मोठ्या कंपनीएवढी जबाबदारी नको हे मला पटतं, कायद्यात तसा फरक करताही येतो. तो मुद्दा मोठ्या कंपन्यांनी आपल्यासाठी वापरू नये.

हल्ली खर्चाच्या वादात "एआय करेल ना आता" हे नवीन आलंय. एआयने मदत होते, खूप होते, फोनचा कॅमेरा समोर धरून चिठ्ठी वाचून घेणारे माझे ओळखीचे आहेत आणि त्यांच्या आयुष्यात त्याने मोकळेपणा आलाय. पण वेबसाइटवर एक कोडची ओळ चिकटवा, आमचा एआय ती ॲक्सेसिबल करून टाकेल, असं विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले, कारण दावा खोटा होता. आणि तंत्र उद्या खरंच सुधारलं तरी जबाबदारी कुणाची हा प्रश्न सुटत नाही. तुम्ही बटणाला नाव द्यायचं नाही आणि मी अंदाज लावणारं यंत्र घेऊन फिरायचं, आणि यंत्राने "रद्द करा" ऐवजी "पाठवा" वाचलं तर पैसे माझे गेले.

या सगळ्यापेक्षा साधी भाषा कायद्याने आधीच वापरलीय. अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा, त्याच्या नवव्या कलमात माहिती आणि संपर्काचं तंत्रज्ञान रस्ते-इमारतींच्या बरोबरीने घेतलंय, आणि कराराच्या समितीने 2014 मध्ये स्पष्ट केलं की ही जबाबदारी बिनशर्त आहे, आधीच पार पाडायची आहे, कुणी येऊन मागेपर्यंत थांबायचं नाही आणि बोजा पडतो ही सबबही चालणार नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर 2025 मध्ये ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांची आणि अंधांची प्रकरणं होती, ऑनलाइन केवायसीमध्ये कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा असं सांगितलं जातं आणि ज्यांना पापण्याच हलवता येत नाहीत त्यांचं खातंच उघडत नाही. 30 एप्रिलला न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हल्ल्यात चेहरा जळलेली किती माणसं केवायसी करतात? या प्रश्नाचं उत्तर कितीही लहान आलं असतं तरी निकाल तोच असायला हवा होता.

शेवटी ते "तुम्हीही म्हातारे होणार आहात." हे ऐकायला प्रेमळ वाटतं आणि मी ते वापरणं सगळ्यात उशिरा सोडलं. माझी आजची दृष्टी उद्या अधू होईल, तेव्हा मोठी अक्षरं मलाही लागतील, खरंय. पण मी कधीच जन्मतः बहिरी होणार नाही, खुणांची भाषा कधीच माझी मातृभाषा असणार नाही. ज्याच्या जागी मी कधीही असू शकत नाही त्याचा हक्क मी मान्य करते का, खरी परीक्षा तिथे आहे. 1880 मध्ये मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षणावर परिषद भरली, जमलेले जवळपास सगळे ऐकू येणारे, आणि त्यांनी ठराव केला की शाळेत खुणांची भाषा नको, मुलांना बोलायलाच शिकवा, कारण समाजात सगळे बोलतात. त्यांना वाटत होतं आपण मुलांचं भलंच करतोय, त्यांना सगळ्यांच्यात आणतोय. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वर्गात हात खाली ठेवायला लावले गेले, आणि त्याच परंपरेतल्या परिषदेने व्हँकुव्हरला ते ठराव नाकारून खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, 130 वर्षांनी. मध्यंतरी एका कार्यक्रमाच्या लाइव्ह प्रक्षेपणात कोपऱ्यात खुणांच्या भाषेची दुभाषी होती, आणि अर्ध्यात तिची चौकट काढून टाकली. मी विचारलं तर आयोजकांकडून उत्तर आलं की बऱ्याच प्रेक्षकांनी कळवलं होतं, स्लाइडचा कोपरा झाकला जातोय.